आत्याने न गायलेले धवले

आत्या गेल्याचं मला फोनवर कळलं. पण गव्हाणच्या नाक्यावर उतरले, तर तिच्या नावाचा फ्लेक्स माझ्याआधी लागलेला. 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वर आत्याचा फोटो, खाली त्याहून मोठा, आमच्या बुडालेल्या पतसंस्थेच्या चेअरमनचा, हात जोडलेला. जामिनावर सुटलेल्या माणसाला एवढी घाई कसली? गेलेल्या आत्याकडूनही याला काहीतरी हवंय, हा संशय मला तेव्हाच आला.

माझी आत्या, बारकूबाई, लग्नात धवले गायची. आमच्या आगरी घरांत धवल्याशिवाय हळद लागत नाही. सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आले तेव्हा गावाने ते पतसंस्थेत ठेवले, का, तर चेअरमन आपला माणूस. वार्षिक सभेला सभासदांना स्टीलचा डबा मिळायचा. डबा घ्यायचा, ठरावाला हात वर करायचा, घरी यायचं. "कर्ज कोणाला दिलं, हे एकानेही विचारू नये?" संस्था बुडाल्यावर पत्रकं वाटत मी ओरडायचे. आत्या म्हणायची, "एका हातात डबा, दुसरा वर. तोंड कोन उघडनार? तुझी पत्रकं आमाला तेवा पायजे होती, बाय."

कर्जं गेली होती चेअरमनच्याच मेव्हण्याच्या उलव्यातल्या इमारतींत. गुन्हा नोंदला, तारखा पडत राहिल्या आणि हा गृहस्थ क्रिकेटच्या सामन्यांची बक्षिसं वाटत फिरत राहिला. पाकीटमाराला नाक्यावर बडवतात. गाव बुडवणाऱ्याला शाल घालतात. कोर्ट शिक्षा देईल तेव्हा देईल... पण त्याला व्यासपीठावर खुर्ची द्यायला कोर्टाने सांगितलं होतं का?

मग त्याच्या मुलीचं लग्न ठरलं आणि तो आत्याच्या ओटीवर येऊन बसला. आत्या गायली म्हणजे गावाने माफ केलं, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मी तिथेच होते.

"बारकूबाय, तुझे पैसे उद्याच देतो. कोनाला बोलू नको."

"सगल्यांचे दे. मंग तुझ्या पोरीला फुकट गाईन."

"मेल्यावर बरोबर नेशील का तुझे धवले?"

"नेन. पन तुझ्या मांडवात नाय ठेवनार."

त्यानंतर त्याच्या मर्जीतल्या घरांनी तिला बोलावणं बंद केलं. हंगामभर ती बहुतेक घरीच बसून होती. गेली तीही तशीच, कुठलंही आमंत्रण नसताना.

थोड्याच दिवसांत त्या मुलीची हळद आली. कोण गातंय ते बघायलाच मी गेले. गाणारी कोणीच नव्हती. नवरी पाटावर बसली आणि स्पीकरमधून आत्याचा आवाज आला... गावातल्या पोरींना शिकवायला तिने कोणाच्या तरी मोबाइलवर म्हटलेला धवला. कोणी दिला? मी मांडवातला एकेक चेहरा बघत होते. अजून बघते.

धवल्यात एकीने ओळ म्हणायची आणि बसलेल्या बायकांनी ती उचलायची. पोरींना म्हणता यावं म्हणून आत्याने प्रत्येक ओळीनंतर जागा सोडली होती. पहिली ओळ संपली. हळदीचे हात मांडीवर ठेवून बायका गप्प. या सगळ्याजणी नंतर जेवायला थांबणार, हे मला माहीत होतं, थांबल्याही. पण ओळ कोणी उचलली नाही. आत्याने दुसरी म्हटली, थांबली. तिसरी म्हटली, थांबली...

शेवटी चेअरमन स्वतः उठला आणि त्याने स्पीकर बंद केला.