गुरुवार सासूबाईंचा

"घर एका दिवसात आवरत न्हाय गं, त्याला वार वाटून द्यावं लागतात." बावीस वर्षांपूर्वी मी जळकोटला नवी नवरी होते, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या. सोमवारी जळमटं, बुधवारी न्हाणी, असे सहा वार मला दिले. गुरुवारी फळीवरचे डबे घासायचं काम स्वतःकडं ठेवलं.

मैत्रिणींनो, आज दुपारी घरी आले तर त्या स्टुलावर! मागच्या वर्षीच तिथून पडून मनगट मोडलं होतं.

"आत्याबाई, उतरा आधी!"

"तुझ्या वारात म्या कधी हात घातला का? मग बडबडू नको. स्टूल धर."

धरलं. शेवटचा डबा लावून त्या लेकरासारख्या हसल्या.

नाहीच म्हणतील, तरी आता चहा देताना विचारणार आहे, "आत्याबाई, गुरुवार मला देता का?"