छडी बाजूला ठेवा, फोटो काढायचा आहे

दत्ताकाकांचा तो शाल-श्रीफळाचा फोटो फिरवणं बंद करा.

सकाळपासून प्रत्येक ग्रुपवर तोच. खाली फुलं, जोडलेले हात आणि "किती प्रसन्न चेहरा!"

त्या फोटोनंतर लगेच काका पडले. काल गेले.

काका आमचे शेजारी. इथल्या रांझी भागातल्या फॅक्टरीतून रिटायर झालेले टर्नर. गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरले, तेव्हापासून तोल जायचा.

नेपियर टाउनच्या फिजिओथेरपिस्टकडे ऑटोने जाऊन ते पुन्हा चालायला शिकले. आधी छडी, मग दुखरा पाय, मग चांगला. अंगणात असं पुटपुटत फेऱ्या मारायचे.

मंगलकाकू म्हणायच्या, काहून जिवाला त्रास देता, बसा ना एका जागी.

"अगं, एकदा बसलो की बसलोच मी. मंडळानं ज्येष्ठांच्या सत्काराला बोलावलं आहे. स्टेजवर आपल्या पायानं चढीन."

चढले. छडी टेकत. मी समोरच बसलो होतो.

तेवढ्यात आपल्या मंडळाचे सचिव लगबगीने पुढे आले. "काका, छडी द्या इकडे. फोटो में अच्छा नहीं लगता."

काका हसले. "काहून? हिच्यामुळेच तर वर आलो."

पण आपल्याकडे सत्कार दोन्ही हातांनी घ्यायचा असतो. एका हातात नारळ, दुसऱ्यात स्मृतिचिन्ह, खांद्यावरून घसरणारी शाल. छडी सचिवांनी पडद्यामागे नेऊन ठेवली.

फोटो निघाला. पुढचं नाव पुकारलं. छडी परत द्यायचं कोणाला सुचलं नाही.

काका तसेच उतरू लागले. पायऱ्यांना कठडा नाही. कार्पेट सैल. डोळ्यांवर फोकस.

पडताना माणूस हात टेकतो. काकांनी नारळ सोडला नाही. श्रीफळ पायाशी टाकायचं नसतं ना!

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, बिछाना, न्यूमोनिया.

आणि तुम्ही लिहिता, "वय झालं होतं."

वयानं नेली का ती छडी पडद्यामागे? कठड्याचे पैसे वयानं फुलांच्या कमानीवर उडवले?

म्हाताऱ्या माणसाला चालता यावं म्हणून आपण एक खिळा ठोकत नाही. शाल मात्र दरवर्षी नवी आणतो. याला सन्मान म्हणतात?

आज सचिवांचा फोन आला. रविवारी शोकसभा. तोच हॉल, तोच स्टेज. मुख्य भाषण माझं, आणि काकूंना वर बोलावून मानपत्र द्यायचं म्हणे.

काकूंचे गुडघे कसे आहेत, हे ज्यांनी त्यांच्या घरी कधी चहा घेतला नाही त्यांनाही माहीत आहे.

निरोप सांगायला गेलो. काकू भिंतीला धरून दारापर्यंत आल्या.

"मानपत्र राहू द्या, भाऊ. यांची छडी अजून तिथंच आहे पडद्यामागे. ती तेवढी आणून द्या. आता चालायला मलाच लागून राहिली."

सचिवसाहेब, रविवारी मी खालूनच बोलेन. कठडा बसेपर्यंत त्या स्टेजवर मी चढणार नाही, आणि काकूंना चढू देणार नाही.

काका, निश्चिंत जा आता. छडी आणायला मी निघालो आहे.