जिनेवाल्याची सही

पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त कंपाउंडरला जिनेवाल्याबद्दल खरं तर फारच थोडं ठाऊक होतं. सहाव्यावर एकटा राहतो, संगणकाचं काहीतरी करतो आणि लिफ्ट असून पायऱ्या चढतो, म्हणून जिनेवाला. संपली माहिती.

मग तपासणी अधिकाऱ्यानं लिफ्टला सील ठोकलं. नव्या नियमानं लिफ्टच्या यंत्रात कुणाकुणाचे प्रोग्राम आहेत त्याची यादी हवी होती, आणि प्रत्येकाखाली जबाबदार माणसाची सही. दरवाजाचा प्रोग्राम निघाला जिनेवाल्याचा! पंधरा वर्षांपूर्वी त्यानं तो इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवला होता. लिफ्ट कंपनीनं उचलून बसवला होता. कंपनीचा माणूस फॉर्म घेऊन धापा टाकत सहा मजले चढला.

"नुसती सही करा, साहेब."

"फुकट दिलाय, हमी नव्हती दिली. आधी तपासतो."

तीन आठवडे झाले. कंपाउंडरच्या बायकोचे गुडघे कामातून गेलेले. समोरच्या इमारतीत अंथरुणाला खिळलेल्या बहिणीशी ती गॅलरीतून हातवारे करून बोलत होती. शेवटी तिनं नवऱ्याला वर पिटाळलं.

"अहो, जन्मभर डॉक्टरांचं अक्षर लावलंत, एक सही आणता येत नाही?"

जिनेवाल्याच्या टेबलावर एक सर्किट, छोटी मोटर आणि चपलांच्या खोक्याचे दोन दरवाजे होते. त्यानं दरवाजात पेन धरलं. दरवाजे शहाण्यासारखे मागे फिरले.

"आता त्याला वाटू देतो, सलग पन्नास दिवस चालू आहे."

या वेळी दरवाजांनी पेन गच्च आवळून धरलं.

"यंत्रातली वेळेची मोजणी भरते आणि शून्यावर येते. मग मागे कधी फिरायचं तेच कळत नाही. चूक माझीच, काका."

"मग इतकी वर्षं?"

"वीज जायची ना! गेली की मोजणी नव्यानं सुरू. चेअरमननी लिफ्टला बॅटरी बसवली आणि यंत्र बंद पडणंच थांबलं."

बॅटरीच्या दिवशी चेअरमननी अर्धा तास भाषण झोडलं होतं. कंपाउंडरनं बोटांवर मोजलं. सील लागलं तो तिथून सेहेचाळिसावा दिवस होता.

"सही करू नका," तो म्हणाला आणि घरी येऊन बायकोच्या शिव्या खाल्ल्या.

आठ दिवसांनी दुरुस्ती झाली. जिनेवाल्यानं तीही जगाला फुकट दिली, मग सही केली. बायको दुपारभर बहिणीकडे बसू लागली. पुढच्या महिन्यात जिनेवाला जागा सोडून गेला. कुठे, ते विचारायचं राहूनच गेलं. आदल्या संध्याकाळी तो पाचव्यावर भेटला होता, हातात खोकं.

"लिफ्टनं जा की आता. तुमचीच सही आहे."

"काकू खाली आहेत ना?"

"हो, येईलच इतक्यात."

"मग राहू दे लिफ्ट खालीच. त्यांना लागेल."

"बरं. सावकाश उतरा."

"हो, काका."