पिवळी चौकट

लातुरात आमच्या क्लासची वेबसाइट करणारा गडी विचारायच्या आधीच उत्तर देतो. टपरीवर मी कपाला हात लावला की लगेच, "सर, गरम हाय. बशीत वता."

प्रवेशाच्या पानावरही त्यानं तेच केलं. माउस ज्या रकान्यावर न्याल तिथं एक पिवळी चौकट उघडते आणि काय लिहायचं ते सांगते. ‘वडिलांची जन्मतारीख’वर: "गुरुजींनी एक जून लिहिली असंल तर तीच टाका. खरी कुनाला म्हाईत हाय?" ‘मोबाइल’वर: "बापाचा द्या. पोराचा बंदच राहतोय." जावास्क्रिप्ट मला कळत नाही, पण चौकट उघडली की हा गडीच खांद्यामागून बोलतोय असं वाटतं.

संचालक भडकले. "क्लास आहे की पानपट्टी? शुद्ध मराठी करा!"

त्यानं मुकाट्यानं केली. आता माउस नेला की ‘कृपया’ उघडतं.

एक चौकट मात्र संचालकांनी दोनदा बजावूनही त्यानं बदलली नाही. ती ‘गाव’ या रकान्यावरची: "भूकंपानं गाव हललं असंल तर जुनं लिहा न्हाईतर नवं लिहा. कुठलंबी चालतंय, आमाला कळतंय."

टपरीवर मी सहज विचारलं, "तुमचं गाव कुठलं हो? जुनं का नवं?"

माझ्या कपाकडं बघत तो म्हणाला, "सर, गरम हाय."

चहा कधीचाच निवला होता.