आई खरं काय म्हणाली

पस्तीस वर्षांच्या नोकरीतले बरेचसे गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. रोह्याला असतानाचा तो एक मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा उपनिरीक्षक होतो. रोहा शांत गाव. सकाळची हजेरी झाली की ठाणे अंमलदार स्टेशन डायरी उघडून बसायचा, कोणीतरी चहा सांगायचं, आणि कुंडलिकेवरून येणाऱ्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून टेबलावर नदीतले गोटे ठेवलेले असायचे. ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं.

अशाच एका सकाळी निडीकडचे एक निवृत्त गुरुजी आले. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले. भाऊबंद सगळे इस्रायलला गेलेले, हे एकटेच मागे राहिलेले. जवळच्या दगडखाणीवर विजापूरकडची लमाणी कुटुंबं कामाला असत. त्यांची पोरं दुपारी गुरुजींच्या ओटीवर जमायची आणि गुरुजी त्यांच्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायचे.

“साहेब, माझी एक विद्यार्थिनी दिसेनाशी झालीय,” ते म्हणाले. “दहा वर्षांची असेल. धाकटी बहीण रोज येते, पण ताई कुठे विचारलं की रडायला लागते.”

“आईबापांनी तक्रार का नाही दिली?”

“त्यांना मराठी येत नाही. आणि मुकादमाला विचारल्याशिवाय ती माणसं कुठे जात नाहीत.”

मी गुरुजींना जीपमध्ये घेऊन खाणीवर गेलो. मुकादम पुढे आला, खुर्ची टाकली, चहा मागवला. मुलीचे आईबाप खाली मान घालून उभे राहिले. त्यांची बोली तिथे त्यालाच येत होती, म्हणून तोच दुभाषा झाला. मी मुलीबद्दल विचारलं. आई बराच वेळ बोलली, बोलता बोलता दोनदा डोळे पुसले.

“म्हणते, पोरगी मामाकडं गेली,” मुकादम म्हणाला. “सुखात हाय.”

बाई पाच मिनिटं बोलते आणि त्याचं भाषांतर एका वाक्यात होतं, एवढं तरी माझ्या ध्यानात यायला हवं होतं. आलं नाही. मी जबाब लिहिला, आईचा अंगठा घेतला आणि जीपकडे वळलो.

मागून गुरुजींनी हाक मारली. त्यांचा हात धरून ती धाकटी उभी होती. आठेक वर्षांची, केस धुळीने पांढरे झालेले.

“सायेब, तो खोटा बोलला,” ती म्हणाली. स्वच्छ मराठीत, तेही आमच्या कोकणातल्या. “याडी तसं नाय बोलली.”

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

“मग काय बोलली गो?”

“ताईला शाळंत घालतो म्हणून यानं नेली. दिवाळीच्या आधी. याडी विचारते तर म्हणतो, गप ऱ्हा, नायतर तुम्हाला पन हाकलीन.”

मी त्या जबाबावर आडवी रेघ मारली आणि मुकादमाला जीपमध्ये बसवलं. पण आठ वर्षांच्या मुलीच्या भाषांतरावर गुन्हा उभा राहत नाही. अलिबागला मुख्यालयात सोलापूरकडचा एक बंजारा हवालदार होता; लमाणी आणि बंजारा समाज एकच, बोलीही एकच. त्याला बोलावून घेतलं. तो दुसऱ्या दिवशी एसटीने आला. खाकीतल्या माणसाच्या तोंडून आपली बोली ऐकली आणि त्या माउलीने तोंडाला पदर लावला. मग जी बोलायला लागली ती तासभर थांबली नाही. धाकटीने सांगितलं होतं त्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. अपहरणाचा गुन्हा दाखल झाला.

आता मुलगी कुठे आहे ते काढायचं होतं. मुकादमावर कोणी हात उगारला नाही. मी त्याला फक्त साध्या गोष्टी विचारत राहिलो. कोणत्या गाडीने पाठवली? सोबत कोण होतं? अंगावर काय होतं? खरं सांगणारा माणूस अशा वेळी अडखळतो, आठवावं लागतं त्याला. याचं सगळं पाठ होतं. निडीहून सकाळच्या गाडीत बसवली, विजापूरचं तिकीट काढून दिलं, मामा पुढे न्यायला आला होता.

हवालदाराला निडीला पाठवलं. एवढंसं स्टेशन, तिथे उतरणारा-चढणारा प्रत्येक जण ओळखीचा. तिकीट देणाऱ्याला ती पोरगी आठवत होती. “चढायला तयार नव्हती, मुकादमानं उचलून आत टाकली आणि स्वतःही चढला,” तो म्हणाला. “तिकिटं पेणची. एक फुल, एक हाफ.”

हे ऐकवल्यावर मुकादमाने प्यायला पाणी मागितलं आणि पत्ता सांगितला.

पेणला आम्ही दुपारी पोचलो. सोबत महिला पोलीस, दोन पंच, तो हवालदार आणि मुलीची आई. चांगलं घर, दारात रांगोळी. घरच्या बाई म्हणाल्या, “आम्ही तिला पोटच्या पोरीसारखी ठेवलीय.”

“कितवीत आहे?” मी विचारलं.

त्या पदर सावरत दारातून बाजूला झाल्या.

मुलगी मागच्या पडवीत होती. केस बारीक कापलेले, हात धुण्याच्या सोड्याने फुटलेले, कडेवर घरातलं बाळ. आई दारात दिसली. मला वाटलं मुलगी धावत सुटेल. तिने आधी बाळाला सतरंजीवर नीट बसवलं, ते लवंडणार नाही ना हे पाहिलं, आणि मग धावली. महिला पोलिसाने तोंड फिरवलं. मीही जरा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

पाऊस लागला की ही कुटुंबं गावी परततात आणि साक्षीदार राहत नाहीत, म्हणून मायलेकींचे जबाब लगेच न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवून घेतले. मुकादमाला शिक्षा झाली. पेणच्या घरमालकाने मात्र वकील चांगला दिला होता; तो सुटला. त्याची बोच आहे.

पुढच्या सगळ्या नोकरीत मी कुणाही परमुलखातल्या माणसाचा जबाब घेताना आधी विचारलं, हा दुभाषा कुणाचा माणूस? नव्या पोरांनाही तेच सांगत आलो. पण हे मला शिकवलं त्या आठ वर्षांच्या मुलीने, आणि तिची नोंद कुठेच नाही. फिर्यादीत दुभाषा म्हणून हवालदाराचं नाव आहे, निकालपत्रात माझ्या तपासाचं कौतुक आहे. मी तर जबाब खिशात घालून निघालो होतो.