खातंय किती, देतंय किती

कुंडलच्या नानासोंना फसवणं अवघड आहे, असं गावात म्हणतात. हे कौतुकानं म्हटलंय की वैतागानं, ते म्हणणाऱ्याचा चेहरा बघून ठरवावं लागतं. बावीस वर्षं पलटणीच्या स्टोअरमध्ये काढलेला माणूस. कांबळी, बूट, मेसची भांडी, जे आलं ते मोजून घ्यायचं, जे गेलं ते मोजून द्यायचं. पेन्शनीत आले तरी हात मोजायचे थांबले नाहीत. गवळ्याचं दूध लॅक्टोमीटरची डिग्री लावल्याशिवाय घरात येत नसे. पेट्रोल पंपावर ते लिटरचं माप मागत आणि मागं गाड्यांची रांग लागली तरी मापातला फेस बसेपर्यंत हलत नसत. ऊस कारखान्याला निघाला की ट्रॉली आधी खासगी काट्यावर चढायची, मग कारखान्याच्या. दोन्ही वजनं बहुतेक वेळा जुळायची, आणि जुळली की नानासोंना जरा वाईटच वाटायचं.

"दुसऱ्या काट्यावर चढल्याबिगर कुठलंबी वजन खरं न्हाई," असं ते सांगायचे, आणि ते फक्त उसाबद्दल सांगायचे असं नाही.

त्यांच्या पत्नी दगडाबाई गौरी-गणपती झाल्यावर एका सकाळी गॅसपुढं उभ्या होत्या त्या तशाच खाली बसल्या आणि उठल्या नाहीत. डावी बाजू गेली. तीन आठवड्यांनी दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा डावा पाय ओढत होता आणि डाव्या हाताची मिटलेली मूठ उघडत नव्हती. सांगलीच्या विश्रामबागेतल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "पहिले सहा महिने हातचे घालवू नका. रोज अर्धा तास कोमट पाण्यात उभं करून पाय चालवायचा. पाणी तेहतीस डिग्री पाहिजे. गार पाण्यात अजिबात घालू नका, पाय आणखी आखडेल."

बाईंच्याकडं तसली टाकी होती. पण कुंडल ते सांगली रोज गाडीनं जाणं-येणं चार दिवसच झालं, पाचव्या दिवशी दगडाबाई गाडीतच रडायला लागल्या. घरामागं मात्र एक स्विमिंग पूल होता. मुलगा इंद्रजित फौजेत, मागल्या सुट्टीत त्यानं पोरांसाठी हौसेनं बांधून घेतलेला, वीस फूट लांब, दहा फूट रुंद, कमरेच्या थोडं वर पाणी. नानासो त्याला हौदच म्हणत. आता सगळं त्या हौदावर येऊन ठेपलं. पाणी तेहतीस डिग्री झालं तर दगडाबाई कदाचित पुन्हा चालतील, नाही तर खाटेवरच. नानासोंना हे पुरतं कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच यात कुणाला फसवू द्यायचं नाही असा त्यांनी चंग बांधला.

सून समीक्षा शिकलेली, पेपरापेक्षा मोबाईल जास्त वाचणारी. तिनं आठवडाभर शोध घेतला आणि सासऱ्यांना म्हणाली, "मामा, हीट पंप बसवूया."

"पंप कशाला? पाणी हाय की हौदात."

"हा पाणी ओढत नाही. हवेतली ऊब ओढतो आणि पाण्यात सोडतो. फ्रिज कसा आतली उष्णता मागं फेकतो, तसंच."

"पौषात हवेत कसली ऊब, पोरी? आमी कानाला मफलर गुंडाळून हिंडतोय."

समीक्षानं विश्रामबागेतल्या दुकानदाराला बोलावलं. रविराज त्याचं नाव. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत कागदाचं पुस्तक, आणि प्रत्येक वाक्याला 'काका'. नानासोंनी पुस्तक दूर धरून वाचलं. बारा केडब्ल्यू, म्हणजे किलोवॅट. त्यांनी आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी बघितल्या होत्या. मोटारीच्या पत्र्यावर जो आकडा असतो त्याच्यावर बिल येतं, पाच एचपीला पाचाचं, साडेसातला साडेसाताचं, एवढं त्या भागात शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक.

"बारा म्हंजी तासाला बारा युनिट. मीटर पंख्यागत फिरंल की रं!"

"नाही काका. बारा देतो. खातो अडीच."

इथंच नानासोंच्या मनात पाल चुकचुकली. अडीच खाऊन बारा देणारी वस्तू त्यांनी अजून बघितली नव्हती, पण देतो म्हणणारी माणसं बघितली होती. मागं गावात पक्षी पाळायची एक स्कीम आली होती, त्यातही असंच पाचपट देणार होते. शेजारच्या रानात त्या पक्ष्यांची पत्र्याची शेड अजून रिकामी उभी आहे.

"हे बारा कुठल्या हवेला?" त्यांनी विचारलं.

रविराजनं पुस्तकाच्या तळाची बारीक अक्षरं बघितली. "सत्तावीस डिग्रीच्या, काका."

"आन पौषात सकाळी, बारा-तेरा डिग्रीत?"

"तेव्हा... नऊपर्यंत येईल. पण खाणंही थोडं कमी होतं. आणि पाण्यावर आच्छादन टाकलं तर ऊब टिकते, ते घ्याच."

एका प्रश्नात बाराचे नऊ! वर आणखी एक वस्तू गळ्यात! नऊ झाले तरी ते साडेतीन-चारपट होतात, हा हिशेब नानासोंनी केला नाही. त्यांनी चहा पिता पिता सहज विचारलं, "आमच्या सुनंची वळख कशी?"

"समीक्षा माझ्या कॉलेजला होती, काका. एकाच वर्गात."

झालं. पाणी कुठं मुरतंय ते नानासोंना दिसलं. त्याच संध्याकाळी त्यांनी इंद्रजितला फोन लावला. फौजेतल्या माणसाला लांबून ऐकू यावं म्हणून ते नेहमीच ओरडून बोलत. "त्या पोराकडनं तुज्या बायकोला कमिशन हाय, मी सांगतो तुला!" स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या समीक्षानं ते ऐकलं. दोन भाकरी करपल्या. तिला राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती, कारण दिवस चालले होते आणि सासूबाईंचा पाय तसाच होता.

नानासो स्वतः सांगलीला गेले. तिथं लालासाहेबांचं मोटारी आणि हीटरचं दुकान. लालासाहेब म्हणजे नानासोंच्याच पलटणीतला, एकाच बराकीत झोपलेला माणूस. त्यानं पाण्यात सोडायचा हीटर काढून पुढं ठेवला.

"तीन केडब्ल्यू लिहिलंय न्हवं, नाना? तीनच खाणार. आन जेवढं खाणार तेवढंच पाण्यात देणार. हवेतनं आणणार न्हाई आन हवेत सोडणार न्हाई."

नानासोंचं मन निवलं. याला म्हणतात इमानी वस्तू. खाल्लं तेवढं दिलं.

"पुरंल का रं पण?"

"पुरंल की गड्या. सावकाश तापंल, पण तापंल."

यावर नानासोंनी दुसरा प्रश्न विचारला नाही. पावती घेतली, हीटर गाडीत टाकला आणि घरी येईपर्यंत शीळ घातली.

तीन दिवस हीटर अखंड चालला. चौथ्या दिवशी भल्या सकाळी नानासो हौदावर गेले, पाण्यात हात घातला, आणि त्यांचा चेहरा उजळला. पाणी कोमट होतं! आता, थंडीत पहाटे विहिरीत हात घातला तरी पाणी कोमटच लागतं, हवा गार असते म्हणून. विहिरीत पोहून वाढलेल्या या माणसाला ते माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? पण त्या सकाळी त्यांना ते आठवलं नाही, किंवा आठवायचं नव्हतं.

समीक्षानं थर्मामीटर बुडवला. "मामा, चोवीस आहे."

"कुठनं आणलंस त्यो?"

"रविराजच्या दुकानातून."

"मग त्यो चोवीसच दावणार की."

दगडाबाईंना खुर्चीतून पायऱ्यांपर्यंत आणलं. समीक्षा साडी खोचून आधी पाण्यात उतरली आणि तिनं सासूला काखेत धरून उतरवून घेतलं. नानासो काठावर उभे होते.

"कसं हाय गं पाणी?"

दगडाबाईंनी एकदा नवऱ्याकडं बघितलं. "कोमट हाय की," त्या म्हणाल्या.

नानासोंनी सुनेकडं असं बघितलं की तिनं थर्मामीटर पदराखाली झाकला. पुढं सव्वीस दिवस हेच चाललं. रोज सकाळी नानासो विचारायचे, रोज दगडाबाई कोमट म्हणायच्या. समीक्षा मात्र त्यांना पाच मिनिटांत बाहेर काढायला बघायची, आणि अर्धा तास सांगितलाय म्हणून नानासो घड्याळ धरून उभे असायचे. सून टाळाटाळ करतेय, हीटर फेल गेला असं हिला दाखवायचंय, हा त्यांचा संशय रोज थोडा थोडा पक्का होत गेला.

सत्ताविसाव्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाईंकडं तपासणी होती. बाईंनी पाय हातात घेतला, घोट्यातून वळवून बघितला, पुन्हा बघितला.

"महिन्यापूर्वी हा यापेक्षा मोकळा होता. पाणी किती डिग्री ठेवताय?"

समीक्षानं सासऱ्यांकडं बघितलं. नानासो म्हणाले, "कोमट हाय."

"कोमट म्हणजे किती?"

आयुष्यात कुणी 'किती' विचारलं आणि आकडा तोंडात नाही, असं नानासोंचं पहिल्यांदाच झालं. बाईंनी सहापैकी चार महिने संपल्याची आठवण करून दिली.

बाहेर आल्यावर नानासोंनी कॉलेजजवळच्या दुकानातून प्रयोगशाळेतले काचेचे दोन थर्मामीटर घेतले, दोन वेगळ्या कंपन्यांचे. मग समीक्षाला म्हणाले, "त्या पोराला फोन लाव. त्याचं चालू मशीन कुठं असंल तर मला दाव म्हणावं."

विश्रामबागेतच एका बंगल्यात ते चालू होतं. नानासोंनी घरमालकाला विनवून घरातले दिवे, पंखे, फ्रिज सगळं बंद करायला लावलं. स्वतःच्या टेपनं पूल मोजला, तीस हजार लिटर भरला. चारी कोपऱ्यांत दोन्ही थर्मामीटर बुडवले. मग तीन तास मीटरसमोर खुर्ची टाकून बसले. तीन तासांत पाणी एक डिग्री चढलं आणि मीटर साडेआठ युनिट फिरला. एवढंच पाणी लालासाहेबाच्या हीटरनं चढवायला पस्तीस युनिट लागले असते. नानासोंनी हा हिशेब तीनदा केला. मग उठून मशीनच्या पंख्यासमोर हात धरला. बाहेर येणारा वारा गार होता, आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार. हवेतली ऊब कुठं जाते ते हाताला कळलं.

"खरं हाय," ते म्हणाले, पण कुणाच्या मयताला आल्यासारख्या आवाजात.

घरी येऊन त्यांनी त्यातला एक थर्मामीटर आपल्या हौदात सोडला. चोवीस. दुसराही सोडला. चोवीस. ते काठावर बसले. दगडाबाईला कसं कळलं नाही, याचा ते विचार करत होते. मग त्यांनी मनाची समजूत घातली की आजारानं तिच्या अंगाला गार-गरम कळत नसणार.

रविराजनं बारा केडब्ल्यूचा हीट पंप बसवला आणि पाण्यावर आच्छादन टाकलं. या वेळी त्याच्या तोंडी 'काका' कमी होतं. अडीच दिवसांनी, सकाळी आठ वाजता, नानासोंच्या दोन्ही थर्मामीटरवर तेहतीस आलं. आच्छादन गुंडाळल्याबरोबर पाण्यावरून वाफ उठली. समीक्षा नेहमीसारखी आधी उतरली, दगडाबाईंना तिनं धरून घेतलं. पाणी कमरेच्या वर आलं तसे दगडाबाईंचे खांदे खाली आले. त्यांनी डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं पाण्यात हळूहळू सैल झाली, पुरती नाही, पण मुठीत पाणी शिरण्याइतकी.

"आवं," त्या म्हणाल्या, "हे खरंच गरम हाय वं."

नानासो काठावरून वाकले. "खरंच म्हंजी? मग सव्वीस दिस कोमट कोमट काय म्हणत हुतीस? तुला कळत नव्हतं व्हय?"

"न कळाया काय झालं? हाडं काकडायची माजी."

"मग बोलली का न्हाईस?"

दगडाबाई पाय हलवत राहिल्या. पाय हलत होता, थोडा थोडा. "लगीन झाल्यापासनं तुमी कुणावर इस्वास ठेवल्याला मी बघितला न्हवता," त्या म्हणाल्या. "त्या लालासाहेबावर पयल्यांदा ठेवलासा. लय खुशीत हुतासा. म्हटलं, ह्यो इस्वासबी मोडला तर ह्या माणसाचं पुढं कसं व्हायाचं?"

नानासोंना भयंकर लाज वाटली. समीक्षाकडं बघवेना. काहीतरी करायला पाहिजे म्हणून त्यांनी चपला काढल्या, पँट वर सारली आणि ते पायऱ्या उतरायला लागले. "हो गं पोरी बाजूला," ते म्हणाले, "हितनं पुढं मी धरतो तिला."

दगडाबाईंनी चांगल्या हातानं सुनेचा दंड घट्ट पकडला.

"तिलाच धरू द्या," त्या म्हणाल्या. "तिनं सोडलं न्हाई मला."

नानासो गुडघाभर पाण्यात दुसऱ्या पायरीवर उभे राहिले.