धाकटीचा चमचा

"दोघी असल्या की एकेक काम हातून सुटत जातं, आणि खटकत कुणालाच नाही."

हे ती माशांच्या जनुकांबद्दल म्हणाली होती. प्रयोगशाळेत तिला सगळे रंगारीण म्हणत. कणीएवढी, आरपार दिसणारी माशांची पिल्लं ती बशीत रंगवायची. जनुक जिथे जागं असेल तिथे जांभळा डाग उमटायचा. फार पूर्वी या माशांत एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या होत्या. सुरुवातीला दोघी डोळ्यातही राबत, कल्ल्यातही. पण दुसरी आहेच म्हटल्यावर एकीचं कल्ल्यातलं काम बंद पडलं तरी मासा तगला. दुसरीचं डोळ्यातलं गेलं, तरी तगला. पिढ्या उलटल्या. आता एकीचा डाग डोळ्यात, दुसरीचा कल्ल्यात.

एकदा कल्ले फुटण्याआधीच्या पिल्लांत दुसरीचा डाग दिसेना, तेव्हा रंगारणीने बेधडक सांगितलं, "ही नुसती नावाला." ती प्रत काढून टाकलेली पिल्लं काही दिवस मजेत पोहली, आणि कल्ल्यांची वेळ आली तशी एकेक करून तळाशी बसली. बशी धुताना तिच्या तोंडून ते वाक्य निघालं.

घरीही दोघीच: रंगारीण धाकटी आणि तिची थोरली बहीण. आईने अंथरूण धरलं तेव्हा दोघी सगळंच करायच्या. मग थोरलीचा हात हलका म्हणून भरवणं, वेणी घालणं तिच्याकडे गेलं. धाकटी प्रयोगशाळेतली म्हणून गोळ्या, काढे, सुया हिच्याकडे. "तू वाघीण हो, मी गाय होते," थोरली हसायची. आईही हसायची. कुणाला काही खटकलं नाही.

थोरली झोपेतच गेली. ती गेल्याचं आईला सांगितलं तरी लक्षात टिकत नव्हतं. तिने जेवण सोडलं.

वेगळा राहणारा दादा वृद्धाश्रमातल्या बाईंना घेऊनच आला. "धाकटे, तुझ्या हातून चार घास गेले तर आई इथेच. नाहीतर गाडी खाली उभी आहे. उपाशी मरू द्यायची का तिला?"

ती वाटी घेऊन आईच्या समोर बसली. आईने ओठ घट्ट मिटले.

"आई, औषध नाही गं. सूप आहे."

"तू आलीस की कडूच असतं."

"हे बघ, आधी मी पिते."

"लबाड! गोळी कुटून घातलीस ना?"

"नाही गं. शप्पथ."

"थोरलीला पाठव."

"ती... बाहेर गेलीय."

"मग येऊ दे. मी थांबते."

तिने चमचा पुन्हा पुढे केला. आईने मान भिंतीकडे फिरवली. दादाने घसा खाकरला. त्या बाईंनी हलकेच वाटी-चमचा काढून घेतला आणि पलंगावर आईला खेटून बसल्या.

"काय आजी, कुणावर रुसलात? उघडा तोंड, नाहीतर मीच फस्त करते."

आई खुदकन हसली. तोंड उघडलं. एक घास गेला, मग दुसरा.

"मीठ कमी आहे," आई म्हणाली.

"सुनेला सांगू?"

"सून कुठली! माझी थोरली करते."

धाकटीचा हात अजून चमचा धरल्यासारखाच होता. तिने तो खाली घेतला. उशाशी ठेवलेली औषधांची पिशवी उचलून त्या बाईंच्या शेजारी ठेवली, आणि दाराबाहेर गेली.